डिझेल पिकअप घेण्याआधी हौद्याचा हिशेब मांडा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मालवाहू वाहनांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि आमच्या जुन्नर तालुक्यात पिकअप घेण्याचे बेत ओसरीओसरीवर शिजू लागले. त्याआधी २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोने न भूतो असा भाव दिला होता, तेव्हाही अनेकांच्या दारात हार घातलेली नवी गाडी उभी राहिली होती. त्यांतल्या काही गाड्यांनी घर सावरले, काही आज विक्रीच्या फलकासह रस्त्याकडेला उभ्या आहेत. दोन्ही प्रकारच्या मालकांशी माझे रोजचे बोलणे आहे. आमच्या घरीही एक जुनी बीएस-४ काळातील आणि पुतण्याने अलीकडे घेतलेली बीएस-६ (बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाची सरकारी मानके) अशा दोन डिझेल पिकअप आहेत. या अनुभवावरून डिझेल पिकअपच्या फायद्या-तोट्याविषयी चार गोष्टी आपल्या पत्राच्या वाचकांपुढे ठेवाव्यात, असे वाटले. हौसेखातर घेतल्या जाणाऱ्या वातानुकूलित डबल-केबिन गाड्यांशी या पत्राचा संबंध नाही. हे लिखाण दीड-पावणेदोन टन पासिंगच्या, पिवळ्या पाटीच्या, कॅरेट आणि गोणी वाहणाऱ्या गाडीबद्दल आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, डिझेल पिकअप ही लांब पल्ल्याची आणि भरल्या हौद्याची गाडी आहे. ज्याच्याकडे वर्षातले बहुतेक महिने असे काम आहे, त्याला तिच्यासारखी दुसरी गाडी आज तरी नाही. ज्याचे काम शेतापासून आठ-दहा किलोमीटरवरच्या बाजारापर्यंत आणि तेही हंगामापुरते आहे, त्याने ती केवळ शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नये. शोरूममध्ये मात्र दोघांनाही एकच गाडी, एकच माहितीपत्रक आणि एकच हप्ता दाखवला जातो.

आधी फायद्याची बाजू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती तापून फवारलेले इंधन आपोआप पेटते. या रचनेमुळे आणि इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोमुळे या वर्गातील अडीच लिटरच्या इंजिनांचा पूर्ण जोर मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांच्या दरम्यानच मिळू लागतो, इंजिन बोंबलवावे लागत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर, बांधाला चाके टेकलेली आणि हौदा भरलेला असताना क्लच न जाळता गाडी हळूहळू बाहेर काढता येते ती याच जोरावर, हे ज्यांनी पेट्रोलची छोटी गाडी त्याच चिखलात अडकलेली पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जाच थोडी अधिक असते आणि इंजिन ती अधिक काटकसरीने वापरते. एकदा टाकी भरली की मुंबईला जाऊन येता येते, आणि पहाटे तीन वाजता आडमार्गावरच्या पंपावरही डिझेल मिळते. जुनी डिझेल पिकअप विकायला काढली तर गिऱ्हाईक दारात येते, हाही लहान फायदा नव्हे.

मात्र जोराच्या या गोष्टीत एक मेख आहे, आणि ती आमच्याकडचे विक्रेते सांगत नाहीत. नारायणगाव-आळेफाट्याहून कल्याण किंवा वाशीला माल नेणारी गाडी माळशेज घाटाने जाते. म्हणजे भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी गाडी घाट चढते. चढणीला लागणारा जो जोर दाखवून डिझेल इंजिनाची तारीफ केली जाते, तो आमच्या वाटेवर बहुतेक वेळा रिकामा हौदा ओढण्यातच खर्ची पडतो आणि भरल्या गाडीत खरी कसोटी ब्रेकची लागते. देवगडहून कोल्हापूर-पुण्याकडे आंबा आणणाऱ्याचे गणित नेमके उलटे आहे. तो भरल्या गाडीने करूळ किंवा फोंडा घाट चढतो, त्याला डिझेलचा जोर पेटीगणिक परत मिळतो. आमच्याकडे तो जोर तेव्हाच वसूल होतो, जेव्हा परतीला भिवंडी-कल्याणहून पशुखाद्य, पाइप, फरशी असे काही भाडे मिळते. परतीचे भाडे ज्याच्या हातात नाही त्याने एकेरी भाड्यावर दुहेरी डिझेल जाळायचे असते, हे गाडीचा रंग निवडण्यापूर्वी ध्यानात घेतलेले बरे.

आता हौद्याचा हिशेब. टोमॅटोच्या एका कॅरेटात वीस किलो माल बसतो आणि रिकाम्या कॅरेटाचे दीड-दोन किलो धरले तर भरलेले कॅरेट बावीस किलोच्या घरात जाते. १.७ टन पासिंगच्या गाडीत कायद्याने पंच्याहत्तरच्या आसपास कॅरेट बसतात. आमच्या भागातून माळशेजमार्गे वाशीला जाऊन येण्याचे अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे जाते. माहितीपत्रकातील मायलेज काहीही असो, भरून जाणे आणि रिकामे येणे मिळून लिटरला अकरा किलोमीटर पडले तर तीस लिटर डिझेल लागते. मार्च २०२४ मध्ये लिटरमागे दोन रुपये उतरल्यानंतर आमच्याकडे दर नव्वदच्या आगेमागे आला, तोच धरला तर ही रक्कम सत्तावीसशे रुपये होते, म्हणजे कॅरेटमागे नुसत्या डिझेलचे छत्तीस रुपये. टोल, चालकाचा भत्ता, टायरची झीज, हमाली आणि हप्ता यांत नाही. आता त्याच गाडीत एकशेवीस कॅरेट रचले आणि वाढीव वजनामुळे तीन लिटर डिझेल जास्त गेले असे समजले, तरी कॅरेटमागे खर्च पंचवीस रुपयांवर उतरतो. हे अकरा रुपये आमच्या भागातील मालवाहतुकीचा खरा पाया आहेत. भाड्याचे दर ठरताना व्यापारी आणि गाडीवाला दोघेही मनात एकशेवीस कॅरेट धरतात, त्यामुळे पासिंगइतकाच माल भरणारा माणूस पहिल्या दिवसापासून तोट्यात असतो. डिझेल पिकअप परवडते असे जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे परवडणे या जादा कॅरेटांचे आहे, डिझेलचे नाही. मी आजवर हे कोणत्याही जाहिरातीत वाचलेले नाही.

या जादा कॅरेटांची किंमत कायद्याच्या पुस्तकात स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १९४ अन्वये जादा भाराला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये अशी तरतूद आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. रस्त्याकडेला उतरवलेल्या पिकलेल्या टोमॅटोचे काय होते, ते सांगण्याची गरज नाही. रोज पकडले जात नाही म्हणून हा खर्च कोणी वहीत धरत नाही. गाडी मात्र तो दररोज वसूल करते. मागच्या पाट्यांमध्ये (स्प्रिंगांमध्ये) गॅरेजवाल्याकडून एक-दोन पाने वाढवून घेण्याची आमच्याकडे पद्धतच पडली आहे. त्यामुळे हौदा बसत नाही, गाडी उभी असताना ताठ दिसते आणि मालकाला वाटते की तिची ताकद वाढली. पाटे वाढवले तरी ब्रेक, ॲक्सल आणि टायर कंपनीने दिले तेच राहतात. माळशेजच्या उतारावर पुढच्या पिकअपच्या चाकांतून ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास येऊ लागतो, चालक डोके बाहेर काढून मागे पाहतो आणि वरचा गिअर काही सोडत नाही, कारण खालच्या गिअरला डिझेल जास्त जाते असा त्याचा समज असतो. वस्तुतः गिअरमध्ये असलेली गाडी ॲक्सिलरेटर सोडून उतारावर धावत असताना आजच्या इंजिनात इंधनाची फवारणी जवळपास बंदच असते, त्यामुळे खालच्या गिअरमध्ये उतरणे हे सुरक्षितही आहे आणि फुकटही. चालकाला एवढे समजावण्यासाठी शोरूममधील दहा मिनिटे पुरतील.

हौद्याबद्दल बोलताना हौद्यातून नेल्या जाणाऱ्या माणसांचाही उल्लेख करणे भाग आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, शेजारच्या खेड तालुक्यात कुंडेश्वरच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप दरीत कोसळली आणि अनेक घरांतल्या आया-बहिणी गेल्या. दारात पिकअप असली की लग्नाचे वऱ्हाड, खुरपणीच्या मजूर बाया, देवदर्शन या सगळ्यांसाठी ती मागितली जाते आणि गावात राहून नाही म्हणणे फार अवघड जाते. मालकाने एवढे तरी जाणून असावे की मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत माणूस धरला जातो, हौद्यात बसलेले वऱ्हाड धरले जात नाही. अपघात झाल्यास भरपाईचा बोजा मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकतो. पिकअप घेण्याच्या तोट्यांत हा नकार देण्याचा तोटा मी वरच्या क्रमांकावर ठेवीन.

यानंतर नव्या डिझेल इंजिनाकडे वळतो, कारण सर्वाधिक गैरसमज इथे आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानके लागू झाली, डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ म्हणून ओळखली जाणारी काजळी अडवणारी गाळणी आली. ही गाळणी धुरातील काजळी आपल्या जाळीत साठवते आणि धूर पुरेसा तापला की ती जाळून मोकळी होते. यासाठी साधारण सहाशे अंशांपर्यंत तापमान लागते, आणि ते मिळण्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर एका लयीत पंधरा-वीस मिनिटे धावावी लागते. वाशीला जाणाऱ्या गाडीत हे काम चालकाच्या नकळत होऊन जाते. आमच्याकडच्या बऱ्याच शेतकऱ्यांची गाडी मात्र मळ्यातून निघून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये नारायणगावच्या उपबाजारात जाते, तिथे रांगेत इंजिन चालू ठेवून तासभर उभी राहते आणि तशीच परत येते. व्यापारी माल तिथेच उचलून मोठ्या ट्रकने परराज्यांत पाठवत असल्याने शेतकऱ्याला पुढे जाण्याचे कारणच नसते. अशा गाडीत गाळणी तापतच नाही, काजळी साठत जाते.

पुतण्याच्या गाडीत पहिल्याच टोमॅटो हंगामात हे घडले. डॅशबोर्डवर गाळणीचा पिवळा दिवा लागला. दिवा लाल नाही म्हणून त्याने तो चालवून घेतला. पुढे ओतूरच्या अलीकडे गाडीने जोर घेणेच सोडले, पाय दाबला तरी वेग चढेना. हा बिघाड नव्हता, इंजिन वाचवण्यासाठी गाडीच्या संगणकाने स्वतःच जोर कमी केला होता. अधिकृत सेवा केंद्रात स्कॅनर लावून उभ्या गाडीत गाळणी तापवून दिली गेली आणि बिल हातात पडले. मात्र गाडी देताना किंवा ती दुरुस्त करताना, ती कोणत्या प्रकारे चालवली तर हे टळेल, हे कोणीही सांगितले नव्हते. नंतर एका जाणत्या मेकॅनिकने डिपस्टिक काढून दाखवली तेव्हा ऑइलची पातळी खाली जाण्याऐवजी खुणेच्या वर आलेली होती. गाळणी तापवण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारते आणि ती क्रिया अर्धवट राहिली, म्हणजे चालकाने मध्येच चावी फिरवून इंजिन बंद केले, की त्यातले काही डिझेल सिलिंडरच्या कडेने ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते आणि टर्बोपासून बेअरिंगपर्यंत सर्वांचे आयुष्य घटते. पातळी वाढलेली पाहून ‘गाडी ऑइल खात नाही’ म्हणून खूश होणारे मालक मी पाहिले आहेत.

यावर आमच्याकडे जो उपाय सर्रास सुचवला जातो, तो म्हणजे गाळणी फोडून मोकळी करणे आणि सेन्सरला चकवणे. तो बेकायदा आहे आणि वॉरंटी घालवणारा आहे. शिवाय ती काजळी आपल्याच गल्लीत सोडली जाते. त्याऐवजी बाजारातून येताना आठवड्यातून एक-दोनदा बाह्यवळणावर वीस मिनिटे गाडी मोकळी पळवणे, दिवा लागला असता इंजिन बंद न करणे आणि कमी राख करणारे, कंपनीने सांगितलेले ऑइलच वापरणे यांत सगळे आले. मोकळी पळवण्याइतकाही पल्ला ज्याच्या कामात नाही, त्याच्या कामाला हे इंजिन जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

काही मॉडेलांमध्ये याखेरीज धूर शुद्ध करण्यासाठी युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. युरिया म्हटल्यावर शेतकऱ्याचा हात गोणीकडे जातो, म्हणून सांगतो. हे द्रावण अतिशुद्ध युरिया आणि खनिजरहित पाणी यांचे, ३२.५ टक्क्यांचे असते. शेतीचा युरिया २०१५ पासून सरसकट कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला येतो. तो पाण्यात कालवून टाकीत ओतल्यास फवारणीचे नोझल आणि पुढचे उत्प्रेरक दोन्ही निकामी होण्याची वाट मोकळी होते. रस्त्याकडेला बायोडिझेलच्या नावाखाली स्वस्तात मिळणाऱ्या तेलाचेही तेच. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाने ते पचवले असेल, आताच्या कॉमन रेल इंजिनाचे इंजेक्टर प्रचंड दाबावर केसाएवढ्या छिद्रांतून फवारतात, त्यांना पाण्याचा थेंबही सोसत नाही. जुनी गाडी आळेफाट्यावरचा कोणीही पान्ह्याने उघडून चालू करून द्यायचा. नवीला आधी लॅपटॉप लागतो आणि लॅपटॉपवाला रविवारी नसतो.

कागदपत्रांच्या खर्चाबद्दल थोडक्यात. जीएसटीची सवलत खरी आहे, परंतु राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांवर किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर मांडला गेला, त्यामुळे एका हाताने मिळालेले थोडेफार दुसऱ्या हाताने जाते, हे किंमत विचारताना ध्यानात ठेवावे. जून २०२२ पासूनच्या दरानुसार १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीला तृतीय पक्ष विम्याचे ३,४१६ रुपये, तर ७,५०० किलोच्या आतील मालवाहू गाडीला १६,०४९ रुपये मूळ हप्ता ठरला. हा फरक पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याला दुसऱ्या वर्षी, विमा स्वतः भरताना कळतो. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावी लागते. गाडी आणि माल मिळून वजन ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, पावणेदोन टन पासिंगची गाडी मात्र ही रेषा ओलांडते. महामार्गावरील टोलचा वार्षिक पास खासगी मोटारींपुरता आहे, पिकअपला चाळकवाडीच्या नाक्यावर दर वेळी हलक्या व्यावसायिक वाहनाचा दर द्यावा लागतो. दिलासा एकच, पण मोलाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार साध्या हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्यालाही ७,५०० किलोच्या आतील मालवाहू गाडी चालवता येते, त्यामुळे घरच्या मुलाने गाडी चालवली म्हणून विमा कंपनीला हात वर करता येत नाहीत.

खरी कोंडी हप्त्याची आहे. आठ लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सतरा हजारांच्या थोडा वर जातो. हप्ता बारमाही असतो, टोमॅटो बारमाही नसतो. हंगामात गाडीला झोप नसते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ती पत्र्याच्या शेडखाली उभी असते. त्या रिकाम्या महिन्यांत मालक कोणतेही भाडे कोणत्याही दराने घेतो, बाजारातील दर पाडतो आणि शेवटी वर सांगितलेल्या जादा कॅरेटांवर येऊन थांबतो. म्हणून गाडी घेण्यापूर्वी गेल्या वर्षी स्वतःच्या मालाच्या वाहतुकीवर किती भाडे दिले, याच्या पावत्या काढून त्यांची बेरीज करावी, असे मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ती बेरीज सहा महिन्यांच्या हप्त्याइतकीही भरत नसेल तर भाड्याची गाडी हीच स्वस्त गाडी. ज्याला यापुढे जाऊन वाहतुकीचाच धंदा करायचा आहे, त्याचा प्रश्न निराळा. त्याने द्राक्ष, कांदा, दूध, पशुखाद्य, बांधकाम साहित्य अशी हंगामामागून हंगाम जोडणारी साखळी आधी बांधावी आणि गाडी मागाहून आणावी.

पर्यायांचे म्हणाल तर सीएनजी गाडी शांत आहे, धूर कमी आहे आणि डीपीएफची कटकट नाही. पण टाक्यांचे वजन गाडीच्या क्षमतेतूनच वजा होते, टाक्यांची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते आणि आमच्या भागात पंपावरची रांग भाजीला परवडत नाही. छोट्या वर्गात मात्र वारे बदललेले दिसते. मारुतीच्या सुपर कॅरीतून डिझेल इंजिन बीएस-६ बरोबर गेले. ज्या टाटा एसने २००५ मध्ये डिझेलवर खेड्यापाड्यांतील मालवाहतूक बदलली आणि ‘छोटा हाथी’ नाव कमावले, त्याच घराण्यातील २०२५ ची एस प्रो पेट्रोल, सीएनजी आणि विजेवर आली. ज्याचे काम दहा-पंधरा किलोमीटरचे आणि सात-आठ क्विंटलचे आहे, त्याने आधी याच गाड्यांकडे पाहावे, असे माझे मत आहे. पावणेदोन टन आणि घाट यांचे उत्तर अजून डिझेलकडेच आहे.

एक बाजू गाडीमालक सहसा बोलत नाहीत, ती धुराची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेल इंजिनाचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. बाजारसमितीच्या आवारात मध्यरात्री शेकडो गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात आणि हमाल त्यांच्या सायलेन्सरच्या उंचीवर वाकून कॅरेट उचलत असतात, तेव्हा त्या वर्गीकरणाचा अर्थ त्यांच्या छातीत शिरत असतो. रांगेत इंजिन बंद ठेवण्याची सक्ती बाजारसमित्यांनी केली, तर हमालांची फुप्फुसे, मालकाचे डिझेल आणि गाडीची गाळणी तिन्ही वाचतील, आणि त्याला कवडीचाही खर्च नाही.

याच धुरामुळे आमच्यापुढे एक मोठी अनिश्चितता आहे. मुंबई महानगर प्रदेशातील प्रदूषणाच्या प्रश्नावर उच्च न्यायालयाने विचारणा केल्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने तेथे पेट्रोल आणि डिझेल वाहनांवर बंदी घालता येईल का, हे तपासण्यासाठी समिती नेमली. वाशी, कल्याण, भिवंडी ही आमच्या मालाची तिन्ही ठिकाणे त्याच प्रदेशात येतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांचे काय झाले, ते सर्वांनी पाहिले आहे. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर किंवा नाशिकचा शेतकरी आज पाच वर्षांचे कर्ज काढून जी गाडी घेतो, ती कर्ज फिटल्यानंतर आणखी दहा वर्षे चालेल या भरवशावर घेतो. तो भरवसा कितपत धरावा, हे त्याला कोणी सांगत नाही.

म्हणून आपल्या पत्राच्या माध्यमातून संबंधितांना तीन विनंत्या करतो. परिवहन विभागाने महानगर प्रदेशाबाहेरून शेतमाल घेऊन येणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांबाबत आपला विचार काय आहे, आणि निर्बंध आलेच तर किती वर्षांची पूर्वसूचना मिळेल, हे लेखी जाहीर करावे. बँका आणि पतसंस्थांनी पिकअपचे कर्ज मंजूर करताना उत्पन्नाचा अंदाज पासिंगइतक्याच मालावर मांडावा. आज अर्जासोबत जोडले जाणारे अंदाजपत्रक पासिंगच्या मालाने जुळतच नाही, हे त्यांच्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक असते. आणि वाहन कंपन्यांनी गाळणी, युरिया आणि उतारावरचे गिअर यांची माहिती देणारे एक पान मराठीत छापून, गाडीची चावी देताना चालकाच्या हातात, मालकाच्या नव्हे, द्यावे.

आपला विश्वासू,
एक शेतकरी व पिकअपमालक,
ता. जुन्नर, जि. पुणे